मुफलिसचा डाव

पाच महिन्यांनी ह्यांच्या तोंडून पहिला स्वच्छ शब्द निघाला, तो ‘चाल’. मी स्वयंपाकघरात मोसंबी सोलत होते. बाहेरच्या खोलीत पलंगाला लागून ह्यांचे जुने दोस्त, कुंभार पिंपळगावचे त्रिंबकभाऊ, बसले होते आणि त्यांचं एकट्याचंच बोलणं चाललं होतं. मेंढरांचे पाय, विहिरीचा तळ, पिंपळगावच्या बाजारात कोण भेटलं नि कोण नाही. कूलरच्या घरघरीत अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नव्हतं. मधेच पत्ते पिसल्याचा आवाज आला. तो आवाज मला ढगांच्या गडगडाटातही ओळखू येईल. मनात म्हटलं, झालं, आता आजारी माणसाच्या पुढ्यातही मांडला त्रिंबकभाऊंनी बाजार. आणि तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. अडखळलेला नाही, घशात घुटमळलेला नाही, जसा पूर्वी ऑफिसात जाताना ‘डबा’ म्हणत तसा: “चाल.” मोसंबीची फोड माझ्या बोटांत तशीच राहिली. आनंद झाला, नाही असं नाही. पण आनंदाच्या एक पाऊल आधी राग आला. पाच महिने मी भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, पहिलीच्या पोरांना शिकवावा तसा ‘अ’ अननसाचा शिकवला, आणि शब्द आला तो त्या पत्त्यांसाठी. हात न धुताच मी बाहेर आले.

झटका आला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात. दाढी करताना ह्यांचा उजवा हात खाली आला तो आलाच. दवाखान्यात अठरा दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, ह्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, माझ्याशी बोलताना ते कधी सापडत होते? चौतीस वर्षांच्या संसारात आमचं बोलणं किती झालं असेल हे मोजायला बसले तर एखाद्या पाठाएवढंसुद्धा भरायचं नाही. माणूस वाईट नाही. हात उगारला नाही, ताटाला नावं ठेवली नाहीत, माझ्या नोकरीच्या आड आले नाहीत. फक्त बोलायचे नाहीत. आणि बाहेर मात्र, वाटूरला पाटबंधारे खात्यात असताना पत्र्याच्या शेडखाली चौघं जमले की ह्यांच्या हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा असं मला एसटीतले लोक सांगायचे. तेव्हा झटक्याने ह्यांचं बोलणं गेलं म्हणून लोक हळहळायचे, आणि मी त्यांना चहा देत असायचे, आणि मला कळायचं नाही की माझं नेमकं गेलं काय.

दर मंगळवारी दवाखान्यातून अक्षता यायची. बोलणं शिकवायला. पंचविशीतली पोरगी, स्कूटीवरून मंठा चौफुलीचा धुरळा खात यायची आणि आल्याआल्या तोंड धुवायची. तिच्याजवळ चित्रांची कार्डं होती: कप, कुलूप, गाय, छत्री. हे गाईच्या ‘गा’पर्यंत जायचे आणि तिथेच बसकण मारायचे. पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडे बोट करून विचारलं, “काका, ह्या कोण?” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. “काकूंचं नाव काय, काका?” ह्यांनी छताकडे बघितलं. मग तिने तिच्या कागदावर लिहिलं: पत्नीचे नाव – सांगता येत नाही. पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच. पोरीचा चेहरा माझ्यासाठी इतका पडायचा की मलाच तिची समजूत घालावी लागायची.

तिला मी सांगितलंच नाही. आमच्याकडे नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही आणि बायको तर नाहीच नाही. मी ‘अहो’, ते ‘अगं’. पोरगी झाल्यावर ‘अर्पे, तुझ्या आईला सांग’. पोरगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हापासून तेही बंद; नुसतं खाकरायचे, आणि मी यायचे. लग्नात घास भरवताना बायांनी उखाण्यासाठी ह्यांना धरून ठेवलं, तर पहिली ओळ धडधडीत म्हणाले आणि नाव यायच्या वेळी माझ्या हातातला लाडू स्वतःच्याच तोंडात कोंबून घेतला. मांडव हसला. मीही हसले, एकोणीस-वीस नाही, चांगली चोवीस वर्षांची बीएड झालेली बाई होते मी. शाळेत मी वंदना मॅडम, माहेरी वंदी, आणि ह्या घरात चौतीस वर्षं मला नावच नव्हतं. जे कधी नव्हतंच, ते आता दवाखान्याच्या कागदावर ‘गेलं’ म्हणून लिहिलं जात होतं, आणि मी लिहू देत होते. खरं सांगायचं तर मला ते थोडं आवडतही होतं. आजाराआधी हे मला वंदना म्हणत असत, असं निदान त्या कागदापुरतं तरी ठरत होतं. मंगळवार ते मंगळवार मी त्या ओळीवर जगत होते म्हटलं तरी चालेल. मला एकच पाहिजे होतं: ह्या माणसाने माझ्याशी, मला उद्देशून, एक शब्द बोलावा. कुठलाही.

“वहिनी, आयकलं का?” मी बाहेर आले तेव्हा त्रिंबकभाऊ जागेवरून जवळजवळ उठलेच होते. “बोलला की आपला कल्याण!”

“ऐकलं. चाल म्हणाले.”

“आन् बराबर टायमाला म्हनला. आधी पत्ते बघितले, मंग म्हनला. डोस्कं बिलकुल जाग्यावर हाय त्याचं.”

ह्यांच्या पुढ्यात कपडे धुवायच्या साबणाची निळी वडी होती. एका हाताने पत्ते धरता येत नाहीत म्हणून त्रिंबकभाऊंनी खिशातल्या चाकूने वडीला तीन चिरा पाडल्या होत्या आणि त्यात ह्यांचे तीन पत्ते उभे करून दिले होते, पाठ आपल्याकडे, तोंड ह्यांच्याकडे. मेंढरामागे जन्म गेलेला माणूस, चार इयत्तांच्या वर शाळा नाही. आणि मला, नऊ पाहुण्यांना, दोन डॉक्टरांना जे सुचलं नव्हतं ते ह्या माणसाने साबणात करून दाखवलं होतं. मला त्यांचा रागही आला.

“मी येनार बेस्तरवारच्या बेस्तरवारी,” ते म्हणाले. “बाकी सा दिस ह्यानं मुक्यानं बसायचं का? तुमी शिका.”

“मी? पत्ते?”

“गनिताच्या मास्तरीन तुमी. तीन पत्ते न्हाई व्हायचे का तुमच्याच्यानं?”

पत्त्यांचं आणि माझं वैर जुनं. अर्पिता सहा वर्षांची असताना एका रविवारी तिला ताप होता आणि हे शेडखाली बसलेले. परत आले, शर्ट खुंटीला लावला. मी तो धुवायला घेतला तेव्हा खिशातला पत्त्यांचा कॅट हाताला लागला. काढला नाही. शर्टासकट बादलीत बुडवला आणि वर सोडा टाकला. हे काही बोलले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. दुपारी गच्चीवर एकेक पत्ता वाळत घातला ह्यांनी. मी जिन्यातून बघत होते. बावन्न पत्ते, चार ओळी, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा. वाकून, उकिडवे बसून, खडे निवडून. मी किती वेळ त्या जिन्यात उभी होते. एवढ्या निगुतीने ह्या माणसाने माझं काय केलं होतं कधी, असं मनात येत होतं आणि पत्त्यांबद्दल मत्सर वाटत होता, सवतीबद्दल वाटावा तसा. पुढची चोवीस वर्षं मी त्या जातीच्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. शाळेत संभाव्यतेचा धडा शिकवताना पुस्तकात पत्त्यांची उदाहरणं होती ती सोडून फाशांची घ्यायचे.

तर अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पत्ते शिकायला बसले. पैसे नाहीत, चिंचोके. आणि साधी तीन पत्ती नाही, मुफलिस. ह्या दोघांचा तोच खेळ, वाटूरपासूनचा. साध्या खेळात ज्याचे पत्ते भारी तो जिंकतो. मुफलिसमध्ये उलटं, ज्याचे सगळ्यात दरिद्री त्याचं सगळं. तीन एक्के आले की मेलात. दुर्री, तिर्री, पंजी, तीही वेगवेगळ्या रंगांची, आली की राज्य तुमचं. पत्ते न बघता चिंचोका टाकला तर ब्लाइंड, बघून टाकला तर चाल, मैदान सोडलं तर पॅक. नियम मला दहा मिनिटांत आले. हाडांना यायला पंधरा दिवस लागले. तीस वर्षं मी वर्गात मोठ्या आकड्याला शाबासकी दिली होती. पहिल्याच दिवशी मला तीन राजे आले आणि माझा जीव आपोआप हरखला, पाठ ताठ झाली, आणि मी मूठभर चिंचोके पुढे सरकवले. त्रिंबकभाऊ डोळे मिटून हसायला लागले. “बुडाल्या, वहिनी. राजे घिऊन कुटं निघाल्या?” ह्यांच्या डाव्या गालावर काहीतरी हललं. ते माझ्यावर हसणं होतं. मला राग यायला हवा होता, पण मी तो गालच बघत बसले.

दुसरी अडचण तोंडाची. “तुमचे पत्ते तुमच्या कपाळावर दिसून राह्यले,” त्रिंबकभाऊ म्हणायचे. “चांगले आले की पदर सावरता. वाईट आले की चष्मा पुसता. आंधळा बी वळखीन.” मला फसवता येत नव्हतं. हे मी गुणच समजत आले होते. आता चिंचोक्यांपुढे बसून लक्षात यायला लागलं की मी कधी फसवायचा प्रयत्नच केला नव्हता, कारण माझ्या चेहऱ्याकडे एवढं निरखून बघणारं कुणी नव्हतंच. आता हे बघत होते. दुपारचे तीन, खिडकीला ओल्या वाळ्याचा पडदा, मधे स्टूल, स्टुलावर साबणाची वडी. आणि वडीच्या वरून ह्यांचे दोन डोळे माझ्या तोंडावर. पदरावर, चष्म्यावर, ओठांवर. लग्न झाल्यापासून इतका वेळ ह्यांनी मला बघितलं नव्हतं. पहिले दोन दिवस तर मला लाज वाटली, हसू नका.

‘चाल’ येत होता. मग ‘पॅक’ आला. एकदा ‘ब्लाइंड’ आला, अर्धवट, पण आला. अक्षता आली की मात्र पुन्हा गाईच्या ‘गा’पाशी गाडी थांबायची. आणि माझ्याशी काही नाहीच. ‘चाल’ हा चिंचोक्यांना उद्देशून होता. पाणी पाहिजे असलं की पूर्वीसारखं खाकरायचे.

मग माझी चूक झाली. चूक म्हणजे काय, मी ती रोज, जाणूनबुजून, पुण्य समजून करत होते. ह्यांना जिंकू देत होते. चांगले पत्ते आले की थोडं खेळल्यासारखं करायचं आणि पॅक. ह्यांच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग वाढायचा आणि मला समाधान वाटायचं. आमच्या घरांत हे कुणी शिकवावं लागत नाही. माझी आई पत्ते सोडाच, साधे सागरगोटे खेळतानासुद्धा वडील बघत असले की चुकायची. सासूबाई मामंजींपुढे बेरीज चुकवायच्या. बाजारहाटाची सगळी बेरीज त्यांना तोंडपाठ, तरी मामंजी सांगेपर्यंत थांबायच्या. आजारी नवऱ्याला हरवणारी बाई कुणी बघितली आहे का? त्या दुपारी मला दुर्री, तिर्री, पंजी आली. तीन रंगांची. ह्या खेळात त्याच्या वर काही नाही. माणसाला वर्षात एकदा येईल न येईल. मी दोन चिंचोके टाकले, उसासा सोडला, म्हटलं “पॅक” आणि पत्ते उपडे ठेवले. पण ह्यांनी पदर बघितला असणार, चष्मा बघितला असणार. डावा हात पुढे आला. पॅक केलेले पत्ते बघायचे नसतात हे ह्यांनीच कधीकाळी दुसऱ्यांना सुनावलं असेल. ह्यांनी एकेक पत्ता उलटा केला. दुर्री. तिर्री. पंजी. मग स्टूल ढकललं. साबणाची वडी पलंगाखाली गेली, चिंचोके खोलीभर झाले, आणि ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

नऊ दिवस ह्यांनी एक शब्द काढला नाही. ‘चाल’ नाही, ‘गा’ नाही. अक्षताने तिच्या कागदावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही. खाकरायचेसुद्धा बंद झाले. तहान लागली तर लागली. मी स्वयंपाकघरात बसून राहायचे. पाच महिन्यांत रडले नव्हते ती तेव्हा रडले, कुकरची शिट्टी चालू असताना, म्हणजे ऐकू जायला नको. जे मिळायला लागलं होतं ते मी माझ्याच हाताने घालवलं होतं. आणि त्यातही मनाचा एक कोपरा अगदी कोरडा राहून विचारत होता: बाई, ती खरंच माया होती का? लहान पोराला हरवत नाहीत तसं मी ह्यांना हरवत नव्हते. चौतीस वर्षं ज्याने मला खेळात घेतलं नाही, त्याला आता मी लहान करून ठेवत होते, आणि वर चांगली म्हणवून घेत होते. त्यात थोडा सूड होता. थोडा म्हणजे बराच.

मधला एक गुरुवार त्रिंबकभाऊंचा चुकला होता; पुढच्या गुरुवारी ते आले. मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

“वहिनी, तुमी त्याला पेशंट केला.”

“ते पेशंटच आहेत.”

“दवाखान्यात असंल. डावात न्हाई. डावात मी त्याला कसा हानतो बघितलं ना? आई-भैनीवरून बोलत असतोय मी. म्हनून त्यो चाल म्हनतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्याला हारायचं हाय, वहिनी. मानूस हाय त्यो अजून.”

ते आत जाऊन ह्यांच्या पाठीशी मेंढरांबद्दल बोलत बसले आणि चारच्या गाडीने गेले. पत्ते काढले नाहीत.

ते गेल्यावर मी पलंगाखाली शिरले. गुडघे दुखतात माझे, पण शिरले. वडी काढली, पदराने पुसली, चिंचोके गोळा केले. ह्यांच्या तोंडाच्या बाजूला, पलंग आणि भिंतीमधल्या फटीत, स्टूल नेऊन ठेवलं आणि तिथेच अंग चोरून बसले. “माझं चुकलं,” मी म्हणाले. मला वाटतं, हे वाक्य मी ह्यांना ह्याआधी शेकडो वेळा म्हणाले असेन, पण चुकलेलं असताना पहिल्यांदाच. “आता नाही सोडणार तुम्हाला. बघाच.” पत्ते पिसले, मला अजून नीट पिसता येत नाहीत, दोन खाली पडले. तीन ह्यांचे वडीत उभे केले. तीन माझे. हे बघेनात. मी ब्लाइंड टाकला. पुन्हा ब्लाइंड. तिसऱ्यांदा टाकल्यावर ह्यांचे डोळे वडीकडे वळले.

त्या आठवड्यात मी ह्यांना धुऊन काढलं. तीस वर्षांचं गणित काही फुकट गेलं नव्हतं. गेलेले पत्ते मला लक्षात राहायचे, कितव्या डावाला काय यायची शक्यता आहे ते आतल्या आत जुळायचं. ह्यांच्यापुढचे चिंचोके सरत आले. हे लालबुंद व्हायचे, डाव्या हाताने मांडीवर चापट मारायचे आणि पुढचा डाव मांडायला खूण करायचे. ‘चाल’ परत आला, आणि पूर्वीपेक्षा दणकून. एका दुपारी जेवणाचं ताट थांबवून खेळलो. अर्पिताचा फोन वाजत होता, मी घेतला नाही. पोरीला काय सांगणार, तुझ्या बापाला लुटते आहे म्हणून?

आणि पुढच्या शनिवारी मला दोन राण्या आणि एक नव्वी आली. जोडी म्हणजे मुफलिसमध्ये केवळ माती. माझा हात चष्म्याकडे निघाला होता. तो मी अर्ध्या वाटेत पदराकडे वळवला आणि पदर सावरला, अगदी जरासा, स्वतःच्याही नकळत सावरल्यासारखा. शाळा तपासणीच्या दिवशी साहेब वर्गात आल्यावर, मागच्या बाकावरची पोरं पाढे विसरली आहेत हे माहीत असताना, जो चेहरा मी करायचे तो केला. “चाल,” मी म्हणाले. हे माझ्याकडे बघत राहिले. पदर. तोंड. पुन्हा पदर. “चाल,” हेही म्हणाले. मी दुप्पट टाकले. ह्यांनी टाकले. मी पुन्हा दुप्पट टाकले आणि वाळ्याच्या पडद्याकडे बघितलं, जसं काही तिथे पाणी मारायचं राहिलं आहे. ह्यांच्यापुढे चार चिंचोके उरले होते. बोट त्यांच्यावरून फिरलं. थांबलं.

“पॅक.”

मी चिंचोके ओढून घेतले. ह्यांचा हात माझ्या पत्त्यांकडे आला. मी वर तळहात ठेवला. पॅक केलेल्याला बघायचा हक्क नसतो. हे माझ्या हाताकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि ह्यांच्या कपाळावर एक आठी आली जी मी पाच महिन्यांत बघितली नव्हती; संशयाची, जित्याजागत्या माणसाची. मग मात्र मला राहवेना. मी हात काढला आणि पत्ते उलटे केले. राणी. राणी. नव्वी. ह्यांनी वडीतले स्वतःचे पत्ते खाली पाडले: सत्ती, चौकी, दुर्री. जिंकलेला डाव. ह्यांनी माझ्या राण्या बघितल्या, स्वतःची दुर्री बघितली, पुन्हा राण्या. मान वर केली. तोंड उघडलं, मिटलं. “ल,” म्हणाले. गळ्याची शीर तटतटली. अक्षताने बजावून ठेवलं होतं, काकू, शब्द तुम्ही पुरा करायचा नाही, आणि मी तर आयुष्यभर पोरांची वाक्यं पुरी करत आलेली. मी ओठ दाताखाली धरून बसले. “ल,” पुन्हा म्हणाले. डावा गाल वर चढला, त्याच्यामागे डोळे चढले, आणि सरळ माझ्याकडे, दुसऱ्या कुणाकडे नाही, बोट केलं.

“लबाड.”

“ओ,” मी म्हणाले.